काकूंचा डबा

रविवार, रात्र. शेवटचे पाहुणे साडेसातला गेले, मुले झोपली, ओटाही पुसून झाला, तरी मन एकाच वाक्याभोवती फिरत आहे. "काकू, या नानकटाया घरीच केल्यात ना?" असे मी विचारले. आठ कुटुंबांतील लहानथोर दिवाणखान्यात दाटीवाटीने उभे असताना, हसत हसत, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. प्रश्न साधाच होता, असे मी संध्याकाळपासून स्वतःला सांगत आहे. तो साधा नव्हता. उत्तर मला ठाऊक होते. डब्याच्या झाकणावर भट्टीवाल्याने चिकटवलेली नंबराची चिठ्ठी मी आधीच पाहिली होती.

न्यूजर्सीच्या वन्संनी गेल्या डिसेंबरात फोटो पाठवले, तेव्हापासून धाकटीने या कुकी एक्स्चेंजचा ध्यास घेतला होता. तिकडे नाताळाच्या आधी प्रत्येक घर एकाच प्रकारच्या कुकीज सर्वांना पुरतील इतक्या भाजून आणते, आणि जाताना प्रत्येक जण सगळ्या प्रकारांनी भरलेला डबा घरी नेतो. सासूबाईंना हे समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे संक्रांतीचं वाणच की, फक्त पोरंबाळं धरून." मला ते इतके पटले की मी मोठ्या उत्साहाने नियम लिहून सर्वांना पाठवले. आठ घरे, प्रत्येक घराला सहा, म्हणजे प्रत्येकाने अठ्ठेचाळीस कुकीज आणायच्या. अंडे घालायचे नाही, कारण दोन घरे जैन. शेंगदाणा, काजू, बदाम असल्यास डब्यावर तसे लिहायचे. आणि घरी केलेलेच आणायचे. या शेवटच्या नियमाचा मला विशेष अभिमान होता. हळदीकुंकवाला वाण घरी घडवले की बाजारातून आणले, असे आजवर कोणी कोणाला विचारल्याचे मात्र मला आठवत नाही.

मुलांचे म्हणाल तर त्यांनी आमचे सगळे नियम दहा मिनिटांत मोडीत काढले. आपापले डबे घेऊन ती जिन्यात बसली आणि तिथे बाजारच भरला. नाचणीच्या तिनांना चॉकलेटची एक, जिऱ्याच्या दोनांना नारळाची एक. कोणाच्या तरी ओट्सच्या कुकीज एकमेकींना चिकटून त्यांची वडी झाली होती, ती अखंड वडी एका चॉकलेटवर गेली. नानकटाईला मात्र चॉकलेटच्या बरोबरीचा भाव होता, हे मला नंतर धाकटीकडून कळले. ते आधी कळले असते तर बरे झाले असते का, कोण जाणे.

काकूंनी रागावून उत्तर दिले असते तर मला झोप लागली असती. त्या म्हणाल्या, "पीठ, तूप, साखर माझं. भट्टी तेवढी मांडवीकडच्या त्या माणसाची. चालत नसेल तर डबा बाजूला ठेवते." आणि आम्ही सगळ्या "अहो, चालतंय, चालतंय" म्हणत असताना त्यांनी तो डबा रांगेतून उचलून टेबलाच्या कडेला, पाण्याच्या जगाशेजारी ठेवला. वीतभर अंतर असेल. ते वीतभर अंतर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

हे मीच विचारावे, याचे मला अधिक वाटते. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीला भट्टी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. दिवाळीच्या आधी बाबा स्कूटरच्या पायाशी पिठाचा डबा ठेवून निघत, आणि आई मागे बसून तुपाची बरणी मांडीवर घेई. तूप पांढरेशुभ्र होईपर्यंत पिठीसाखरेबरोबर फेसायचे, मग मैदा, थोडे बेसन, थोडा रवा, चिमूटभर सोडा, वेलदोडा आणि जायफळ. भट्टीवाला किलोवर मजुरी घेई, पत्र्यावर नंबर टाकी आणि संध्याकाळी या म्हणे; पण आई तिथून हलत नसे, कारण आपले तूप दुसऱ्याच्या पत्र्यावर जाईल असा तिला पक्का संशय होता. वर भेगा पडलेल्या त्या नानकटाया घरी आल्या की "आपली नानकटाई" म्हणूनच चार घरी जात. बाजारची म्हणून त्यांना कोणी हिणवल्याचे मला स्मरत नाही, आणि कोणी हिणवले असते तर आईने त्याच्या घरची पायरी पुन्हा चढली नसती.

मग मी का विचारले? दमले होते, हे एक कारण. दोन दिवस मी त्या ओटीजी ओव्हनसमोर उभी आहे. एका वेळी बाराच कुकीज मावतात, मागची रांग आधी करपते, म्हणून एक खेप टाकून द्यावी लागली आणि चारांच्या पाच झाल्या. ह्यांनी सोफा सरकवण्यापलीकडे काही केले नाही. येणाऱ्यांनी तोरणाचे कौतुक केले, सरबताचे केले. कुकीजविषयी कोणी एक शब्द बोलले नाही. आणि आता एवढ्या खटाटोपातून लोकांच्या लक्षात राहणार ते माझे एक वाक्य.

इथवर लिहून मी कचऱ्याची पिशवी बांधायला उठले. वाटाण्याच्या सालांखाली प्रीमिक्सची रिकामी पाकिटे होती. लोणी आणि दूध घाला, एकशे ऐंशी अंशांवर भाजा, एवढीच त्यांवर कृती. ती सालांखाली आपोआप गेली नव्हती. मीच काल दुपारी नीट दडपली होती. म्हणजे काकूंचे सगळे स्वतःचे आणि भट्टी परक्याची. माझे सगळे परक्याचे आणि भट्टी स्वतःची. आणि घरी केलेलेच आणा, हा नियम कोणी केला, तर मी.

ह्यांना सांगितले, तर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "कुकी हा शब्दच मुळात डच. आणि नानकटाई सुरतेला डचांच्या भट्टीतून आली असं सांगतात. म्हणजे तुम्हा दोघींचं माहेर एकच." आधी संताप आला, मग हसू आले.

डबा काकू इथेच विसरून गेल्या आहेत. विसरल्या की ठेवून गेल्या, हा विचार मी आज करणार नाही. आमच्या वाटच्या सहांपैकी एक नानकटाई ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्ली. जायफळ अगदी बेताचे होते.

डबा घासला, पण झाकणावरची चिठ्ठी भिजू दिली नाही. रिकामा परत करता येत नाही. कपाटात प्रीमिक्सचे एक पाकीट उरले आहे, त्याकडे एकदा पाहून घेतले. शेवटी वाटीभर साखर घातली. ती काही मी घरी केलेली नाही. काकूंनी विचारलेच, तर तसे सांगेन.