तुम्ही विचारलंत म्हणून: ती कादंबरी मी परत का घेतली

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मंडपाबाहेर आणि पुस्तकांच्या गाळ्यांत मला जो भेटेल तो एकच विचारत होता: "दुसरी कादंबरी प्रुफापर्यंत गेली होती ना? मग मागे का घेतलीत?" नंतर स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, फोनवर तेच. आणि आवाज खाली आणून पुढचा प्रश्न: "कुणाचा दबाव आला का?"

दबाव कुणाचाही नव्हता. भाऊबंदांनी धमकावलं नाही, प्रकाशकाशी पैशांवरून बिनसलं नाही, माझं लिहिणंही आटलेलं नाही. आजवर मी तब्येतीचं कारण पुढे करून वेळ मारून नेली. आता त्याचाच कंटाळा आलाय.

कादंबरी केळीची होती, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातली. तिची बांधणी मी बागेच्या वेळापत्रकावर केली होती. जून-जुलैची मृगबाग, पावसाळा सरताना लावलेला कांदेबाग, पहिल्या घडांची नवती आणि मग त्याच बुडातून राखलेली पिलबाग. लग्न, वाटणी, कर्जफेड सगळं त्या हिशेबात बसवलं, कारण आमच्याकडे माणसं ठरवतातच तशी, "नवती निघू दे, मग पाहू." सावदा स्टेशनवर रेल्वेत केळी भरणाऱ्या मजुरांशी बोलून मी वह्या भरल्या, त्यातलं कादंबरीत जेमतेम अर्धं पान उरलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. कादंबरीत ते असंच व्हायला हवं.

आता मूळ गोष्ट. माझ्या एका मावशीचे यजमान रात्री मोटर सुरू करायला गेले आणि स्टार्टरपाशी शॉक लागून गेले. मे महिना होता, आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेचं पाणी चुकवता येत नाही. शेतीपंपांना थ्री फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रीची होती. मावशी दिवसभराच्या कामाने थकून झोपली होती. ते कधी उठले, कधी गेले, तिला कळलं नाही. पुढे कित्येक वर्षं, भेटायला येईल त्याला ती हेच सांगायची: "मले जागच आली नही."

कादंबरीत मी तिला जागी केलं. तो अंधारात चपला चाचपतो. ती कुशीवर वळते. तो पाणी मागतो, ती तांब्या पुढे करते. उभ्यानेच पिऊन तो म्हणतो, "दाराले कडी नको लावू, येतोच मी." ती काय म्हणाली ते मी लिहिलं नाही. परिच्छेद तिथेच तोडला. त्या गाळलेल्या उत्तरावर माझा फार जीव होता. सगळी कादंबरी त्या जागेवर उभी आहे असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

मावशीला वाचता येत नाही. तिचं जगणं घेतलंय तर तिने ऐकायला हवं, म्हणून ते प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत ऐकत होती. मध्ये एकदा तिचे हात थांबले, पण बोलली काही नाही.

पुढे नात्यातल्या एका लग्नात, हळदीच्या रात्री, बायका बसल्या होत्या आणि मावशी सांगत होती: "त्यायनं पानी मांगलं. मी तांब्या देला. म्हने, दाराले कडी नको लावू." शब्द माझे होते. तिची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. नंतर अंगणात मला गाठून ती एवढंच म्हणाली, "ताई, आईला तर जागच आली नव्हती ना?"

प्रुफं आली त्या सुमारास मी मावशीकडे गेले. चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, "मंग मी काय म्हनलं त्याह्यले? तू लिहलं असीन ना? मले आठवतच नही." मी म्हटलं, "मावशी, ते मी लिहिलंच नाही गं." चहा उतू जायला आला, तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मी म्हनलं असीन, सकायी जा."

प्रुफं मी तपासली नाहीत. प्रकाशकांना फोन करून थांबवलं.

यावर मला जे सांगितलं जातं ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. तिला तर आधारच मिळाला, इतक्या वर्षांचा सल गेला, मग बिघडलं काय? नावं बदल, गाव बदल. धुळ्याच्या एका शिबिरात मीच मुलांना ठासून सांगितलं होतं की घडलेलं लिहू नका, घडू शकलं असतं ते लिहा. ते मी मागे घेत नाही. त्याशिवाय कादंबरी होत नाही, नुसती नोंद होते. पण घडू शकलं असतं ते एखाद्या बाईला घडलेलं वाटू लागलं तर लिहिणाऱ्याने काय करायचं, हे मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी उत्तर नव्हतं. आजही नाही.

एवढं मात्र दिसतं की पुस्तक छापून आलं तर गावातला कुणीतरी वाचेल आणि ओट्यावर बसून तिला म्हणेल, "हे तर पुस्तकातलं आहे, मावशी." तो तांब्या तिच्या हातून काढून घेतला जाईल. मला ते नकोय. कुणाला हा भाबडेपणा वाटेल, तर वाटू दे.

प्रकाशक समजूतदार आहेत. मात्र सगळं ऐकल्यावर तेही म्हणाले, "ते 'सकायी जा' आत घ्या, कादंबरी कुठल्या कुठे जाईल." बरोबर आहे त्यांचं. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीपेक्षा ती ओळ चांगली आहे. त्या रात्री घरी येऊन मी ती वहीत उतरवलीसुद्धा, तारखेसकट. हात थांबला नाही. मावशीची मुलगी म्हणते, आई आहे तोवर थांब. प्रकाशक म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा बोलू. दोघांनाही मी अजून हो म्हटलेलं नाही.