तिसऱ्यांदा परत आलेली कात्री

मी धार लावून दिलेली केस कापायची कात्री तिसऱ्यांदा परत आली तेव्हा सलूनवाल्या ताईंनी तक्रार केली नाही. टिश्यू पेपर पाण्यात भिजवला, माझ्यासमोर धरला आणि कात्री हळूहळू मिटली. मुळापासून मध्याच्या पुढेपर्यंत कागद सरळ कापला गेला. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र तो दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसला. "केसही असाच बसतो," एवढंच म्हणाल्या.

दोन्ही पाती सुटी करून मी टोकापर्यंत नखावर तपासली होती. धार होती, आणि कात्री कापत नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी सुऱ्यांकडून कात्र्यांकडे आलो. सुरीला खाली फळी असते. कात्रीत एका पात्याची फळी म्हणजे दुसरं पातं, आणि ती दोघं एका वेळी फक्त एका बिंदूवर भेटतात. मिटताना तो बिंदू मुळाकडून टोकाकडे चालत जातो. म्हणून प्रत्येक पात्याला लांबीत किंचित वाक दिलेला असतो. चांगली कात्री मिटून उजेडासमोर धरा, मधोमध बारीक फट दिसेल. शिवाय पात्याची आतली बाजू पोखरून खोलगट केलेली असते, त्यामुळे धारेलगतची एक चकचकीत पट्टी तेवढी दुसऱ्या पात्याला टेकते. तिला आम्ही राइड लाइन म्हणतो. ती जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर रुंद असते. आतली बाजू सपाट हवी असं समजून ती घासणाऱ्यांनी किती महागड्या कात्र्या मारल्या आहेत! मशीन विकणारे दोन दिवसांत कोन शिकवतात, चाक फिरवायला शिकवतात. स्क्रू उघडून आत काय चाललंय ते बघ, असं मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. तेवढी फट पडली की धार कितीही असो, केस कापला न जाता दुमडतो.

सकाळी स्क्रू काढला. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडले, कारण एकही उलटा बसला तर पुढची सगळी तपासणी खोटी ठरते. मग दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूंना मार्करची शाई फासली, कात्री जोडली, दहा वेळा उघडमीट केली आणि पुन्हा सोडवली. जिथे पाती घासली तिथली शाई गेलेली असते. राइड लाइनवरची शाई दोन तृतीयांश लांबीपर्यंत साफ होती, टोकाकडे जशीच्या तशी. ते अपेक्षितच होतं. नजर अडकली ती स्क्रूच्या मागे. तिथे मुठीकडच्या बाजूला अर्धचंद्रासारखा एक टेकू असतो. एका पात्याच्या अर्धचंद्रावरची शाई जराही हललेली नव्हती.

सी-सॉची फळी आठवा. स्क्रू म्हणजे मधला दांडा. मागे अर्धचंद्र एकमेकांना रेटतात, म्हणून पुढे टोकं एकमेकांवर दाबली जातात. मागचा टेकू झिजला की पुढची पकड गेली. सलूनमध्ये अशा वेळी स्क्रू आवळतात. कात्री चार दिवस कापते, मग अंगठा दुखायला लागतो आणि पाती एकमेकांची धार खातात.

अर्धचंद्र कुणी घासला ते मला लगेच आठवलं. पहिल्या खेपेला तिथे गंजाचा डाग होता. तो मीच १००० नंबरच्या दगडावर घासून काढला होता. चकाकी बघून खूश झालो होतो.

गेलेला धातू परत आणता येत नाही. मला शिकवणाऱ्या काकांना फोन केला. "स्क्रूला हात लावू नकोस. पात्याचा वाक वाढव, पण पोलाद फार कडक आहे, साठ रॉकवेलच्या आसपासचं, मोडेल," म्हणाले. लाकडी ठोकळ्यावर पातं ठेवलं आणि तांब्याच्या हातोडीने टिचक्या मारत गेलो. प्रत्येक टिचकीनंतर कात्री जोडून उजेडासमोर धरायची, पुन्हा सोडवायची. दीड तास गेला. शेवटी राइड लाइन ३००० आणि मग ८००० च्या दगडावर, पात्याच्या स्वतःच्या वजनाएवढ्याच दाबाने, दोन-तीनदा ओढली. भिजलेला टिश्यू टोकापर्यंत कापला गेला, शेवटचा धागाही लोंबकळला नाही.

ताईंना मी सगळं सांगितलं आणि तिन्ही वेळचे पैसे परत केले. त्यांनी विचारलं, "वाक टिकेल?" मी म्हणालो, "माहीत नाही. महिन्याभराने आणा, पुन्हा शाई लावून बघू." त्यांनी कात्री पाऊचमध्ये ठेवली आणि पैशांतला शेवटच्या खेपेचा भाग माझ्याकडे सरकवला. मी तो घ्यायला नको होता असं अजून वाटतं.

वहीत पहिल्या वर्षाच्या एकोणीस कात्र्यांची नोंद आहे. त्यातल्या किती जणींचा अर्धचंद्र मी असा चकचकीत करून दिला, ते नोंदीवरून कळत नाही. एकेकाला फोन करून बोलावतोय, अकरा झाले. आतापर्यंत उघडलेल्या पाचांपैकी दोन तशाच निघाल्या.