स्टेपनीचा बंदोबस्त: कुलूप गेलं, बोल्ट आत आला

आमच्या व्हॅनची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकते. ती चोरीला जाऊ नये म्हणून लावलेली साखळी आणि कुलूप दोन्ही काढून टाकलं. आता आमच्या व्हॅनच्या स्टेपनीला बाहेरून एकही कुलूप नाही, तरी ती आधीपेक्षा पक्की बसली आहे. इतके दिवस डोकं खाल्लेलं कोडं सुटलं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

स्टेपनी वायररोपने (तारेच्या दोराने) वर-खाली करणारी चरखी म्हणजे विंच. विंचच्या हँडलच्या भोकावरची टोपी आहे तशीच ठेवली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण टोपीने फक्त विंच फिरवणारा अडतो. गाडीखाली शिरून वायररोपच कापणाऱ्याला तिचा काही अडसर नाही, म्हणून डिशमधून (चाकाच्या मधल्या तबकडीतून) चेसिसच्या आडव्या पट्टीला साखळी घातली होती. पावसात अक्कलकोटहून येताना वेड्या बाभळीचा काटा मागच्या टायरमध्ये घुसला आणि त्या साखळीचा निकाल लागला. किल्ली कुलपात अर्धीही जाईना. आपली काळी माती ओली असताना फटीफटीत शिरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. कुलपाच्या तोंडावरचं रबरी झाकण तिच्यापुढे टिकलं नाही. स्प्रे मारला, किल्लीवर शिसपेन्सिलीची पूड लावली, दगडाने हलकेच ठोकून पाहिलं. कुलूप हललं नाही. शेवटी जवळच्या गॅरेजमधून हॅक्सॉ आणून साखळीच कापावी लागली.

आणि ती कापली गेली! मला खरा धक्का तिथे बसला. ‘हार्डन केलेली’ म्हणून घेतलेली साखळी साध्या ब्लेडने लोण्यासारखी कापली गेली. साखळी घेणाऱ्यांनी एक करा: दुकानातच कडीवर कानस फिरवा. हार्डन पोलादावर कानस घसरते, मऊ लोखंडात ती चावते आणि चकचकीत ओरखडा उठतो. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. कुलपाबद्दलही माझं मत आता पक्कं झालं आहे. गोदरेजच्या नवतालसारखं लिव्हरचं कुलूप घराच्या दाराला उत्तम, पण गाडीच्या पोटाखाली चिखलाच्या माऱ्यात कुठलंच किल्लीचं कुलूप ठेवू नये. चोराला अडवण्याआधी ते आपल्यालाच अडवतं, तेही रस्त्याच्या कडेला, अंधारात.

कापलेली साखळी घेऊन सोलापूरच्या पूर्व भागातल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. उभा जन्म पॉवरलूमचे पार्ट करण्यात गेलेला माणूस. मी कुलपाला पत्र्याची पेटी करून मागत होतो. त्यांनी गाडीखाली एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाले, “खाली कशाला लटकवतो रे? आत घे की. दार लॉक असतंय ना गाडीचं?”

बस्स. त्या एका वाक्याने सगळा आराखडा बदलला.

डिशच्या चाकनटाच्या भोकातून एक स्टड (आटे पाडलेला दांडा) वर न्यायचा, फ्लोअरमध्ये बसवलेल्या पाइपातून सामानाच्या जागेत काढायचा आणि नट आतून आवळायचा. स्टडचं खालचं डोकं गोल आणि गुळगुळीत, म्हणजे पाना लावायला कुठे जागाच नको. आमच्याकडे डिशची बाहेरची बाजू खाली असते, त्यामुळे काकांनी डोक्याला चाकनटासारखाच ६० अंशांचा टेपर (निमुळता उतार) दिला. ते भोकात असं बसलं की फटीत नख जाईना. हातात धरून मी ते कितीतरी वेळ नुसतं बघत होतो.

पण गाडीखाली स्टड उभाच राहीना. भोकापासून फ्लोअरपर्यंतचं अंतर, वर नटाला लागणारे आटे आणि खालचं डोकं मिळून स्टड साधारण २५० मिलिमीटरचा झाला. मागच्या टायरची हवा काढून पाहिलं तर स्टेपनी आणि जमीन यांच्यात तेवढी जागा उरत नाही. आणि आपल्याला स्टेपनी लागते ती टायर बसल्यावरच. मग स्टेपनी खाली जमिनीवर असतानाच स्टड घालून विंचने दोन्ही एकत्र वर घेऊन पाहिलं. चाक वायररोपवर गरगर फिरतं, डोलतं, आणि स्टडचं टोक फ्लोअरच्या पाइपाभोवती भिरभिरतं, आत जात नाही. पाइपाला खालून नरसाळ्यासारखं तोंड करून घेतलं, डिशवर पिवळ्या रंगाची खूण केली. दिवसा, सपाट जागेवर, दोघं मिळून जमायचं. पण वडाळ्याच्या रस्त्यावर रात्री एकटा असलो तर हे चालणार नाही.

या एका गोष्टीने बरेच रविवार खाल्ले. उत्तर मिळालं ते सगळं उलटं केल्यावर. स्टड खालून वर न्यायचाच नाही, बोल्ट वरून खाली सोडायचा! षटकोनी डोकं गाडीच्या आत, दांडा पाइपातून खाली, डिशच्या भोकातून बाहेर, आणि तिथे आट्यांची एक बंद कपलिंग (लांब नटासारखी नळी). कपलिंगलाही तोच ६० अंशांचा टेपर आहे आणि खालून ती बंद आहे, म्हणजे चोराला बोल्टचं टोकही दिसत नाही. बोल्ट फिरताना कपलिंग त्याच्याबरोबर फिरू नये म्हणून ती ६ मिलिमीटरच्या पट्टीवर वेल्ड केली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाची खुंटी शेजारच्या भोकात अडकवली. एका हाताने खालून पट्टी टेकवायची आणि दुसऱ्याने आतून बोल्टचे पहिले आटे पकडायचे. हात तेवढा लांब पोचतो. नंतर आरामात पान्याने आवळायचं. उंचीची अडचण संपली, कारण लांब वस्तू आता गाडीच्या आतून येते आणि तिथे जागाच जागा आहे.

बोल्ट एम-१२ (१२ मिलिमीटर जाड), १०.९ या ताकदीच्या ग्रेडचा. इथेही सावध राहा. मीटरवर मिळणारा आटेवाला रॉड बहुतेक वेळा मऊ असतो, दुकानदार त्याला ‘एच. टी.’ (हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा) म्हणून देतो. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं नसेल तर घेऊ नका. नवी पेठेपासून अशोक चौकापर्यंत विचारत गेलो, एवढा लांब १०.९ तयार मिळाला तो शेवटी एमआयडीसीच्या बाजूला. आणि हार्डन केलेल्या बोल्टला वेल्डिंग लावू नका, उष्णतेने त्याची ताकद जाते. आमचं वेल्डिंग फक्त पट्टी आणि कपलिंगवर आहे.

फ्लोअरला भोक पाडणाऱ्यांसाठी थोडं महत्त्वाचं. खाली ब्रेकचा पाइप, इंधनाची लाइन, वायरिंग, टाकी कुठे आहे ते आधी हाताने चाचपून बघा. मागे सीएनजीची टाकी असेल तर हा प्रकार करूच नका. मी आधीच रबरी बूच असलेलं कारखान्याचं भोक वापरलं, तेच थोडं मोठं केलं. कापलेल्या कडेला रेड ऑक्साइड लावलं, मग पाइपाभोवती पीयू सीलंट गच्च भरलं. सायलेन्सर मागेच असतो, फट राहिली तर धूर आत येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चाकाचं वजन अजूनही विंचच उचलतं. बोल्टकडे फक्त पहारा आहे. फ्लोअरचा पातळ पत्रा चाकाचे हादरे खात बसला तर फाटेल, म्हणून आत रुंद प्लेट ठेवली आणि बोल्टच्या डोक्याखाली रबर. साध्या रबराचा पहिल्याच उन्हात चुरा झाला. मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीच्या आत काय होतं ते सांगायला नको. काकांनी ड्रॉवरमधून लूमचा एक बफर काढून दिला, शटलचा मार दिवसरात्र झेलणारा. त्याची चकती कापून बसवली आणि खडखडाट संपला. हैदराबाद हायवेला काच खाली करून कान देऊन ऐकलं. शांत!

मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं की स्टेपनी काढूनच टाक ना. २०२० च्या ऑक्टोबरपासून ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी सक्तीची नाही, हे खरं आहे. पण आमच्या व्हॅनला ती यंत्रणा नाही. आणि उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर ट्रॉल्यांचे काय काय तुकडे पडतात ते पाहिलं आहे ना? ट्रेडमधल्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या) खिळ्याला किटमधली पट्टी चालते, साइडवॉल (टायरची बाजू) फाटली तर किट काही कामाचं नाही. स्टेपनी राहणार.

ग्राइंडरपुढे हेही टिकणार नाही, कुठलंच पोलाद टिकत नाही. पण चाक वर घट्ट बसल्यामुळे बोल्टपर्यंत कटर पोचत नाही, आणि ग्राइंडर चालवला की गल्ली जागी होते. डिशच्या आतल्या बाजूला नंबर पंच केला आहे. टायरवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष) आणि सीरियल नंबर यांचे फोटोही काढून ठेवलेत. एफआयआर करायची वेळ आली तर ‘एक टायर’ असं मोघम लिहून भागत नाही.

यापुढे खालच्या पट्टीला रंग देणार होतो. पण वरचं बफरचं लिहिता लिहिता एक सुचलं, आता रंग थांबला. बोल्ट आवळला की बफर दोन-तीन मिलिमीटर दबतो. कोणी खाली पट्टी किंवा बोल्ट कापला तर ताण जाईल आणि बफर फुगून बोल्टचं डोकं वर येईल. मग डोक्याजवळ ब्रेकलाइटचा स्विच लावला तर? ब्रेकलाइटच्या स्विचची दांडी दाबलेली असते तोवर सर्किट तुटलेलं असतं, सुटली की जुळतं. नेमकं हेच हवं आहे. बोल्टचं डोकं वर आलं की दांडी सुटेल अशी लहान पट्टी जोडायची, स्विचपासून फ्यूजमधून वायर हॉर्नच्या रिलेला (कॉइलला वीज मिळाली की चालणाऱ्या स्विचला) द्यायची. चालू गाडीत खड्ड्याने हॉर्न वाजू नये म्हणून मध्ये पाच पायांचा रिले: कॉइल इग्निशनवर, वायर ३० आणि ८७ए या पायांमधून, जे कॉइलला वीज नसतानाच जुळलेले असतात. इग्निशन चालू असेल तर पहारा बंद, किल्ली काढली की चालू, आणि उभ्या गाडीत बॅटरी जराही खात नाही. कॉइलला सतत करंट देऊन तार तुटली की वाजणारा अलार्म मी आधीच बाद केला होता, कारण दीडशे मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला साडेतीन अँपिअर-अवर जातात आणि आमची गाडी आठवडाभर उभी असते.

आता अडचण एकच, बफर कापल्याबरोबर पुरेसा फुगेल का. उन्हाने तो दबलेलाच राहिला तर दांडी सुटणार नाही. म्हणून बफरच्या जोडीला क्लचच्या प्रेशर प्लेटमधली एखादी जुनी स्प्रिंग टाकून बघणार आहे. कोणाकडे साधारण १५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, आखूड आणि कडक स्प्रिंग पडून असेल तर सांगा, सात रस्त्याला येऊन घेऊन जाईन.