अ‍ॅनिमेतली रबरी बदकं : पाण्याची परीक्षा

अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या चित्रपट-मालिकांत, दिसणारी रबरी बदकं मी एका वहीत टिपून ठेवतो. या खेपेला बराचसा वेळ नवी बदकं शोधण्यापेक्षा संशयित बदकं तपासण्यात गेला. पिवळं अंग आणि चोच दिसली की हात आपोआप पॉजकडे जातो. पण रंगावर भरवसा ठेवला तर वही भलत्याच पाखरांनी भरते. म्हणून आता एकच प्रश्न विचारतोय: हे पाखरू पाण्यात काय करतं?

सुरुवात 'स्पिरिटेड अवे'पासून (२००१). जादूगारीण युबाबाच्या स्नानगृहात हौदात दाटीवाटीने बसलेले ते धिप्पाड पिवळे ओतोरी-सामा पहिल्या नजरेत रबरी बदकंच वाटतात, आणि बरेच जण त्यांना बदक म्हणूनच मोजतात. मी मोजत नाही. ती कोंबडीची पिल्लं आहेत. मोठं होण्याआधीच गेलेल्या पिल्लांचे ते देव, असं मानतात. डोक्यावरचं पान बघा, शिवाय ते तरंगत नाहीत, हौदात ऐसपैस बसतात. हे कळल्यावर तो प्रसंग मला आणखी जवळचा झाला. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवलंय.

पोकेमॉनमधला पिवळा, बदकासारखा सायडक लगेच बाद होतो. त्यातल्या मिस्टी या मुलीच्या सायडकला पोहताच येत नाही.

खरी मजा 'प्रिन्सेस टुटू' (२००२) आणि 'रान्मा १/२' (१९८९) शेजारी ठेवून पाहण्यात आहे. टुटूमधली आहिरु ही मुळात पिवळं, जिवंत बदक, जादूच्या लॉकेटमुळे मुलगी झालेली. ती 'क्वॅक' करते तेव्हा मुलीचं बदक होतं आणि अंगावर पाणी पडलं की बदकाची पुन्हा मुलगी होते. म्हणजे गळ्यात ते लॉकेट असेपर्यंत ती बदक म्हणून पाण्यावर तरंगूच शकत नाही! (शेवटाबद्दल इथे लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आधी पाहा.) रान्मातल्या मूसचं उलट. थंड पाणी पडलं की तो चष्मेवाला पांढरा बदक होतो आणि गरम पाण्याने परत माणूस. त्यामुळे वाफाळत्या टबात बदक दिसलं तर तो मूस असणं शक्य नाही. हे लक्षात आल्यापासून मी बदकाआधी पाण्याची वाफ बघतो.

वाफेचा त्रासही आहेच. टीव्हीवरच्या आवृत्तीत अंघोळीच्या प्रसंगांवर मुद्दाम दाट वाफ चढवतात, डिस्कवर ती बरेचदा विरळ असते. शक्य असेल तर डिस्कवरचीच आवृत्ती तपासा. टबाचं झाकणही बघायचं. जपानी घरात अंग बाहेर धुऊन मग टबात उतरतात, तेच पाणी सगळं घर वापरतं, म्हणून ते गरम राहावं यासाठी टबावर झाकण असतं. अर्ध्या उघड्या झाकणाआड बदक सहज लपतं. बादली-तांब्याने अंघोळ करणाऱ्या आपल्या डोळ्यांना तिकडे बघायची सवय नसते.

आणखी एक खूण जुन्या, हाताने रंगवलेल्या मालिकांसाठी. टबाच्या काठावरची वस्तू मऊ ब्रशने रंगवलेली, पार्श्वभूमीत मुरलेली असेल तर ती बहुधा हलणार नाही. तीच ठळक बाह्यरेषेची आणि सपाट रंगाची असेल तर ती सेलवर, म्हणजे पार्श्वभूमीवर ठेवायच्या पारदर्शक फिल्मवर, काढलेली आहे, तेव्हा थांबा, ती डुलण्याची शक्यता आहे. माझ्या लेखी डुलणारं बदक काठावरच्या बदकापेक्षा वरचं. कुणीतरी बसून त्याची वेगवेगळी चित्रं काढलेली असतात.

तुलनेसाठी 'आहिरु ताइचो' या जपानी खेळण्याचे फोटो जवळ ठेवलेत. हे बदक पायलटचं, हो, पेनवाल्या पायलटचंच.

आता 'हिदामारी स्केच' (२००७) लावलंय. त्यात भागाच्या शेवटी नायिका युनो टबात उतरून दिवस आठवते, आणि बाथ सॉल्टप्रमाणे पाण्याचा रंग बदलतो. पाण्याच्या रंगासाठी वहीत नवा रकाना आखलाय, कारण हिरव्या पाण्यावर पिवळं कसं उठून दिसतं आणि दुधाळ पाण्यावर कसं, हे मला शेजारी शेजारी ठेवून बघायचंय.