बी फ्लॅटचा फीडबॅक अखेर जागचा हलला

काल दुपारी हॉल रिकामा मिळाला, ड्रमर आणि बेसवाला दोघेही मोकळे होते, आणि बी फ्लॅटमधला ब्लूज आम्ही पूर्ण आवाजात सलग वाजवला. अँप ओरडला नाही. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवरचा सहाव्या फ्रेटचा बी फ्लॅट मी मुद्दाम चार-चार मात्रा धरून ठेवला, ड्रमरने किक जोरात मारली, तरीही नाही. गेले कित्येक आठवडे ज्या सुरापाशी आलो की हात आपोआप आखडायचा, तो सूर आता मनासारखा लांबवता येतोय. त्यामुळे आजची नोंद जवळपास सगळी फीडबॅकवरच, म्हणजे अँपचा आवाज गिटारीत शिरून परत अँपमधून ओरडत येतो त्यावरच आहे. ऑक्टेव्ह, तारा वगैरे शेवटी थोडक्यात.

मधूनच वाचायला लागलेल्यांसाठी एवढंच: इथे उत्तर टेक्सासमध्ये माझं चौथ्या वर्षाचं रिसायटल, म्हणजे गिटारवादनाचा कार्यक्रम, एप्रिलमध्ये आहे, तासाभराचं, जॅझ, ब्लूज आणि पॉप मिळून. गिटार तीच, जुनी जपानी आर्चटॉप. पूर्ण पोकळ, वरची पाटी कमानदार आणि प्लायची, तिच्यात दोन एफ-होल (एफ अक्षरासारखी भोकं), तारा टेकायला लाकडी सुटी घोडी. सगळा कार्यक्रम या एकाच गिटारीवर करायचा हा माझा हट्ट आहे आणि तो कायम आहे. इलेक्ट्रिक गिटारची पहिली मोठी माणसं याच मुलखातली. टी-बोन वॉकर १९१० चा, लिंडनचा, वाढला डॅलसच्या ओक क्लिफमध्ये. चार्ली ख्रिश्चन १९१६ चा, बॉनममध्ये जन्मलेला. पोकळ गिटारीला पिकअप (तारांची थरथर विजेच्या रूपात अँपकडे पाठवणारा भाग) लावून ती बँडमध्ये सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभी केली ती यांनी. त्यांची भाषा वाजवताना मध्येच सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार, गळ्यात अडकवणं मला पटत नाही.

आता अडचण नीट सांगतो. पोकळ गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो हुंकार येतो, तोच हा प्रकार. माझ्या गिटारीचा तो सूर ११६ हर्ट्झच्या आसपास बसलाय आणि खालचा बी फ्लॅट आहे ११६.५ चा. अँपमधून तो सूर निघाला की वरची पाटी थरथरते, ती थरथर तारांत जाते, तारांतून पिकअपमध्ये, तिथून परत अँपमध्ये. सराव खोलीत आवाज कमी, म्हणून तिथे काही जाणवत नव्हतं. हॉलचं स्टेज लाकडी आणि खालून पोकळ आहे. अँप थेट त्यावर ठेवला की खर्जाचे सूर आणखी फुगतात. आणि आमचा जॅझ ब्लूज नेमका बी फ्लॅटमध्ये. ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोनवाल्यांच्या सोयीने जॅझमधला ब्लूज बहुतेक वेळा बी फ्लॅट नाहीतर एफमध्येच वाजतो, आणि माझ्यासोबत टेनर आहे. पट्टी बदलू म्हटलं असतं तर तो तयार झाला असता, पण त्याचा सोलो त्या पट्टीत इतका सुंदर बसलाय की मला त्याला हात लावायचा नव्हता.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला: इक्वलायझर, म्हणजे ठरावीक उंचीचे सूर कमी-जास्त करायचं साधन. हाताशी बॉसचा जीई-७ पेडल होता. त्याची सगळ्यात खालची पट्टी १०० हर्ट्झची आणि ती चांगलीच रुंद आहे. ती खाली ओढली की घुमारा जातो, पण त्याबरोबर गिटारीचा सगळा भरीवपणा जातो. उरतो तो पातळ, नाकातला आवाज. तो पेडल मला आवडतो, सॉलिड बॉडीला झकास आहे, पण या कामाचा नाही. नेमका एकच सूर कापणारा अरुंद खड्डा (नॉच) हव्या त्या जागी पाडता येईल असा पॅरामेट्रिक इक्वलायझर लागतो. तसा एक मित्राकडून आणला आणि ११६ वर खोल खड्डा पाडला. ओरडणं थांबलं, पण बी फ्लॅट बाकीच्या सुरांच्या मानाने मेल्यासारखा वाजायला लागला. ज्या ब्लूजचा षड्जच मेलाय तो ब्लूज काय वाजवायचा?

मग जागा बदलून पाहिली. अँप खुर्चीवर चढवला, जरा मागे कलता केला, आणि मी अँप व गिटार यांच्या मध्ये माझं अंग येईल असा उभा राहिलो. माझा अँप, २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब, त्याच्या आवाजाची कळ चारच्या वर न्यायची नाही. पुढचं काम माइक आणि हॉलचे स्पीकर करतील. समोरचा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, बंदच करायला सांगितला. तिथल्या तंत्रज्ञाला ते पटत नव्हतं, पण मला ड्रम आणि बेस तसेही स्वच्छ ऐकू येतात. याने निम्मा त्रास गेला. आर्चटॉपवाल्यांनी हे आधी करून पाहावं, पैसा लागत नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी एफ-होलकडे वळलो. हा रस्ता जुना आणि पक्का आहे. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलांत कापड कोंबायचा, आणि १९८० मध्ये गिब्सनने त्याच्यासाठी ल्युसिल मॉडेल काढलं ते एफ-होलांशिवायच. १९७७ चं आयबनेझचं जॉर्ज बेन्सन मॉडेल, जीबी-१०, लहान पोटाचं केलं त्यामागेही हेच कारण. मी ऑनलाइन रबरी बुचं मागवली, ‘सर्व आर्चटॉपना बसतात’ असं लिहिलेली. टोकाशी फट राहायची आणि जोरात वाजवलं की बूच स्वतःच झणझणायचं. विकणाऱ्याने परतही घेतली नाहीत. तयार बुचं घेऊ नका, स्वतः कापा. योगा करायच्या जुन्या फोमच्या चटईचा तुकडा, एफ-होलवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेला ठसा, आणि ठशापेक्षा एखादा मिलिमीटर मोठा काप. तो आत दाबला की घट्ट बसतो, गोंद नको, चिकटपट्टी नको, पॉलिशला धक्का नाही.

दोन्ही होल पूर्ण बंद केली तर गिटार उशीखाली वाजल्यासारखी कोंदते. म्हणून फक्त खर्जाच्या बाजूचं होल, तेही अर्धवट बंद केलं. बी फ्लॅट सुटला! आम्ही आनंदात पुढचं गाणं घेतलं, जीमधला स्लो ब्लूज, आणि पहिल्याच ओळीत तिसऱ्या फ्रेटवरचा जी घुमला. घुमारा गेलाच नव्हता, खाली सरकला होता. तोंड लहान केलं की आतल्या हवेचा सूर उतरतो, हा साधा नियम. त्या दिवशी मी फार वैतागून घरी आलो. एक गाणं सोडवावं तर दुसरं अडकतंय, आणि स्लो ब्लूजमध्ये तर जी पाच-पाच सेकंद लांबवायचा असतो.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर लहानपणी कितीतरी वेळ बघत बसलोय. घोडी किंचित घासायची, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायची. मग तारेखालचं सूत केसभर पुढे-मागे करत आवाज उघडायचा. सूत कुठे थांबवायचं हे कानाने ठरतं. हे आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला: घुमारा सरकतोय ना, मग तो अशा सुरावर नेऊन बसवू, जो माझ्या कार्यक्रमात खालच्या तारेवर कुणी लांबवतच नाही.

त्याच रात्री सगळी गाणी समोर घेतली आणि सहाव्या तारेवर धरून ठेवायचे सूर कागदावर उतरवले. ए फ्लॅट, १०३.८, नको, कार्यक्रमातलं १९३९ चं स्टँडर्ड (जॅझवाले सगळेच वाजवतात असं जुनं गाणं) त्याच पट्टीत आहे. जी, ९८, नको. एफ, ८७.३, बी फ्लॅटचा पंचम, नको. ई, ८२.४, मोकळी तार, ती तर नकोच. उरला एफ शार्प, ९२.५. पॉपचं गाणं सीमध्ये, तिथे तो येतच नाही. स्लो ब्लूजच्या डी नाइन कॉर्डमध्ये येतो, पण चौथ्या तारेवर, एक सप्तक वर. राहता राहिला त्या स्टँडर्डचा मधला भाग, जिथे गाणं जीमधून ईकडे वळतं आणि एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह ही कॉर्ड लागते. बँडबरोबर वाजवताना तिथला खालचा सूर बेस घेतो आणि मी वरच्या तारांवर कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर तेवढा धरतो, त्यामुळे तीही अडचण नाही.

आता तो तिथे आणायचा कसा? सगळ्या तारा हाताने दाबून बंद करायच्या, तोंड एफ-होलाशी न्यायचं आणि खर्जात अगदी हळू मींड घेत उतरायचं. गिटारीची पाठ दुसऱ्या तळहाताला जिथे सगळ्यात जास्त थरथरते, तो पोटाचा सूर. तिथे थांबून ट्यूनर बघायचा. फोम थोडा आत, परत मींड. थोडा बाहेर, परत मींड. चटईचा तुकडा जेमतेम नखाएवढा हलला तरी सूर उतरलेला कळतो, आणि तो बदल तळहाताला जाणवतो ते फार सुखाचं आहे. ९२-९३ च्या दरम्यान आल्यावर फोमवर पेन्सिलने खूण केली. काल हॉलमध्ये खात्रीसाठी एफ शार्प वाजवला. घुमतो, अगदी भरदार घुमतो. बी फ्लॅट आणि जी दोन्ही मोकळे. डबल बेसच्या एफ शार्पनेही माझी गिटार जागी होते, म्हणून त्याचा अँप ड्रमच्या पलीकडे हलवलाय.

तारांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. व्हिएन्नाच्या थॉमास्टिकच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत ताराच ठेवतोय. महाग आहेत, पण टिकतात आणि बोटं सरकताना आवाज करत नाहीत. माइकसमोर त्याची किंमत कळते. आमच्या सरांचं म्हणणं, ब्लूजसाठी तिसरी तार साधी (न गुंडाळलेली), २० जाडीची घाल, म्हणजे बेंड, तार ढकलून सूर चढवणं, मोकळे होतील. मी ते करणार नाही. माझ्या लाकडी घोडीची पायरी वाउंड (गुंडाळलेल्या) तिसरीसाठी कापलेली आहे, साधी तार घातली की बाराव्या फ्रेटवर ती चढी वाजते, आणि मग प्रत्येक जॅझ कॉर्ड कानाला टोचते. ब्लूजला पूर्ण सुराचा बेंड लागतोच असंही मला वाटत नाही. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेपर्यंत तार ढकलता आली, आणि टी-बोनसारखी नाइन्थ कॉर्ड वरून घसरत जागेवर आली, की तो रंग उतरतो. तेवढं ढकलणं वाउंड तारेवर छान होतं.

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीच्या पद्धतीचे, अंगठ्याने छेडायचे ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर आता स्वच्छ येतात. मधली तिसरी तार पहिल्या बोटाच्या गादीने झाकायची असते. बोट थोडं आडवं ठेवलं आणि ती एकदाची गप्प झाली. टेम्पो १६० पर्यंत निभावतं, त्यापुढे अंगठा जड पडतो.

पॉपकडे आमच्या वर्गातली मुलं विश्रांती म्हणून बघतात, ते मला पटत नाही. चारच कॉर्ड, पण सोळाव्या मात्रांचं दबकं स्ट्रमिंग चार मिनिटं एकसारखं ठेवणं हे वेगवान सोलोपेक्षा अवघड आहे. गाणारी मैत्रीण किंचित मागे रेलून गाते; तिच्या मागे जायचं नाही, ड्रममधल्या हाय-हॅटच्या झांजेला धरून राहायचं, आणि तिला हवी तेवढी जागा आपोआप मिळते. फ्लॅटवाउंड तारांवर हे गाणं जरा मऊ लागतं, मला ते आवडायला लागलंय.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचली. ते १९३९ चं स्टँडर्ड मी चौथं ठेवलं होतं, पूर्ण बँडबरोबर. आता ते पहिलं घ्यावं आणि फक्त गिटार-बेस अशा जोडीने वाजवावं. दोघंच असलो तर आवाज कमी, म्हणजे फोमची गरज नाही, आणि लोकांना या गिटारीचा मूळ, उघडा आवाज आधी ऐकायला मिळेल. सुरुवातीला थोडी कॉर्ड-मेलडी (चाल आणि कॉर्ड एकत्र) एकट्याने, तिथे एफ शार्प चौथ्या तारेवर चौथ्या फ्रेटला घ्यायचा. नंतर मी बोलायला उभा राहीन, बाकीचे स्टेजवर येतील, तेवढ्यात फोम खुणेपर्यंत दाबायचा आणि बी फ्लॅट ब्लूज सुरू. मग जीमधला स्लो ब्लूज, आणि पॉप शेवटी. जितका विचार करतोय तितका हाच क्रम बरा वाटतोय. आजच टेनरवाल्याला कळवतो, कारण त्याला सुरुवातीला विंगेत थांबावं लागेल.

शनिवारी हॉल पुन्हा मिळतोय, या वेळी थोडे लोक बसवून, कारण भरलेल्या हॉलमध्ये आवाज शोषला जातो आणि अँप किंचित वाढवावा लागेल. तेव्हा खूण तिथेच राहते का ते पाहायचंय. एप्रिलच्या रिसायटलचं थेट प्रक्षेपण होणार आहे. इथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:३०. आई-बाबा उठणार आहेतच, तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनीही जरूर ऐका. आणि ज्यांच्याकडे प्लायच्या पाटीची आर्चटॉप आहे त्यांनी मींड घेऊन आपापल्या गिटारीच्या पोटाचा सूर शोधा आणि पोटाच्या रुंदी-जाडीसकट मला कळवा. सोळा इंची आणि सतरा इंची गिटारींत तो किती उतरतो हे एका जागी मांडून बघायचंय.