एक न दिलेला दाखला आणि १ लाख ६८ हजार रुपये

२०२५च्या जूनमध्ये माझ्या शैक्षणिक कर्जाचा ८४वा, म्हणजे शेवटचा हप्ता खात्यातून गेला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बँकेचा मेसेज आला. मी तो दोनदा वाचला आणि बार्शीला अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. अण्णा म्हणाले, “सुटलीस बघ पोरी.” आणि लगेच पुढं, “आता सईचं बघावं लागंल. तुझ्यासारखं व्हायला नको तिचं.”

सई म्हणजे माझ्या ताईची मुलगी. बारावी झाली, सीईटी दिली, पुण्यात इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. दाजी एसटीत चालक आहेत. ताईच्या घरी कर्जाचा विषय निघाला की सगळे एकच प्रश्न विचारायचे: “किती मिळंल?” २०१३ साली आमच्या घरातही हाच एक प्रश्न होता. किती फेडावं लागेल, हे तेव्हा आम्ही कुणीच विचारलं नाही. माझं काय झालं ते नीट लिहून ठेवतेय, कारण सईसारखी मुलं दरवर्षी त्याच काउंटरवर उभी राहतात.

अण्णा तेव्हा मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी होते. महिन्याला १५ हजार पगार. माझी अर्धी फी शिष्यवृत्तीत गेली होती. उरलेली फी, होस्टेल, मेस असं धरून वर्षाला १ लाख, चार वर्षांचे ४ लाख लागणार होते. बार्शीतल्या शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, कॉलेज पुण्याला आहे ना, मग पुण्यातल्या शाखेतून घ्या. पुण्यातली शाखा म्हणाली, पालक राहतात तिथूनच घ्यायचं असतं. अण्णांनी दोन रजा आणि दोन वेळचं एसटीचं भाडं त्यात घालवलं. विद्यार्थी आपल्या हद्दीतला नाही म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत पाठवू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पण साहेबांनी वर ५० हजारांची मुदत ठेव ठेवायला सांगितली, “म्हणजे वरून लवकर मंजूर होतं.” ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही, आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात तेवढं पुरतं, हा नियम तेव्हाही होता. अण्णांनी शेटजींकडून उचल घेतली आणि ठेव ठेवली. ती उचल पगारातून कापून घेतली जात होती. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीला कुणालाच नवे कपडे आले नाहीत.

मला त्या दिवसाचं एक चित्र अजून तसंच्या तसं दिसतं. टेबलावर फॉर्म उघडा आहे. साहेब निळ्या पेनानं खुणा करतायत, इथं सही, इथं सही, इथं फोटो. एका पानावर पालकांच्या वार्षिक उत्पन्नाचा रकाना होता. अण्णांनी विचारलं, “तहसीलचा दाखला जोडू का? आहे काढलेला.” त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो होता, शिष्यवृत्तीसाठी सेतू केंद्रातून काढलेला, १ लाख ८० हजारांचा. साहेब म्हणाले, “नको, पगाराचं पत्र आहे ना, चालतंय.” अण्णांनी दाखल्याची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला.

जुलै २०१८ मध्ये हप्ता सुरू व्हायच्या आधी मी पासबुक भरून घेतलं. शिल्लक होती ५ लाख ६८ हजारांच्या आसपास. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं खातं छापलं. काउंटरवरच्या मॅडमनी शांतपणे समजावलं, त्यांचे मी आजही आभार मानते. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, त्याला मोरॅटोरियम म्हणतात. पण व्याज पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून लागतं. १२ टक्क्यांनी धरा (दर मध्ये थोडा वरखाली झाला, पण हिशेब सोपा राहावा म्हणून एकच धरते). पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या वर्षीच्या लाखावर चार, मग तीन, मग दोन. लाखाचं वर्षाचं व्याज १२ हजार, अशी एकूण १४ वर्षं. झाले १ लाख ६८ हजार. या काळात व्याज सरळ असतं. हप्ता सुरू होताना ते सगळं मुद्दलात मिळवतात आणि तिथून पुढं त्या व्याजावरही व्याज लागतं. सात वर्षांसाठी माझा हप्ता बसला महिन्याला साधारण १०,०३०. नुसत्या ४ लाखांचा असता तर ७,०६० बसला असता.

शिकताना दर महिन्याचं व्याज तेवढं भरत गेलो असतो तर? पहिल्या वर्षी महिन्याला १ हजार, मग २, मग ३, मग ४. शेवटची वर्षं अण्णांना जड गेली असती, पण पहिली दोन जमली असती. सगळं भरलं असतं तर शेवटी जवळपास ८१ हजार रुपये वाचले असते.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मला २०१९ मध्ये समजली. ऑफिसातला लातूरचा एक सहकारी कर्जाच्या गप्पांत सहज म्हणाला, “माझं शिकतानाचं व्याज सरकारनं भरलं.” केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, बारावीनंतरचा व्यावसायिक किंवा तांत्रिक अभ्यासक्रम असेल आणि कर्ज बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतलं असेल, तर मोरॅटोरियमचं सगळं व्याज केंद्र सरकार देतं. कर्ज देणारी शाखा दावा पाठवते, तो कॅनरा बँकेकडे जातो, कारण ती या योजनेची नोडल बँक, म्हणजे सगळ्या बँकांचे दावे एकत्र बघणारी बँक आहे. विद्यार्थ्यानं द्यायचा असतो सक्षम अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला. पगाराचं पत्र चालत नाही.

म्हणजे अण्णांच्या पिशवीतला तो कागद. मी शाखेत गेले. साहेब बदलले होते. नवीन साहेबांनी फाईल काढून बघितली आणि त्या वर्षांचे दावे आता जाणार नाहीत असं सांगितलं. मी घरी येऊन अण्णांना हे सांगितलं नाही. दोन वर्षांनी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून कपाटातून ती पिशवी आणली. दाखला अजून आत होता, घडीवर पिवळा पडलेला.

म्हणून सईच्या वेळी कर्जाचा फॉर्म मी सगळ्यात शेवटी हातात घेतला. आधी बघितलं की कर्ज काढायचं कशासाठी. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं शासन निर्णय काढला: आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. सई ओबीसीत येते, नॉन क्रीमिलेअर काढलेलं होतं. पण यात एक मोठी अट आहे आणि तिथं लोक फसतात. प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतला तर माफी नाही. ताईला कुणीतरी एका नावाजलेल्या कॉलेजची कोट्यातली जागा सुचवली होती, “कर्ज काढून टाका, नोकरीला लागली की फेडंल.” मी ताईला कागदावर दोन्हीचा हिशेब मांडून दाखवला. ताई रात्रभर विचार करत होती. सकाळी म्हणाली, कॅपमधून जे मिळेल ते. सईला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज लागलं, ब्रँच मात्र हवी तीच.

फी माफ झाली तरी विकास शुल्क, होस्टेल, मेस, लॅपटॉप राहतंच. ते सगळं वर्षाला १ लाखाच्या आत बसतं. शैक्षणिक कर्जात या गोष्टी धरता येतात, फक्त फीच धरतात असं नाही, आणि पुष्कळ पालकांना हे माहीत नसतं. चार वर्षांचे ४ लाख. माझ्याच रकमेवर येऊन थांबलो.

व्याजाच्या सवलती शोधताना डोकं गरगरलं. दाजींचा पगार वर्षाला साडेचार लाखांच्या थोडा वर जातो, म्हणून जी योजना माझ्या हातून गेली ती सईला मुळात लागू नाही. मग पीएम-विद्यालक्ष्मी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेली ही योजना. देशातल्या निवडक (मंजुरीच्या वेळी ८६०) उच्च शिक्षण संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियममध्ये ३ टक्के व्याज सवलत. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला हे ३ टक्के मिळत नाहीत. सईची फीमाफी त्याहून कितीतरी मोठी, म्हणून आम्ही तो नाद सोडला. (नावावरून गोंधळ होतो म्हणून सांगते: २०१५ मध्ये सुरू झालेलं विद्यालक्ष्मी पोर्टल वेगळं आणि हे पीएम-विद्यालक्ष्मीचं वेगळं. ताईनं आधी जुन्यावर नोंदणी केली होती.)

ओबीसी मुलांसाठी अजून एक दार आहे. महाराष्ट्र राज्य इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना. त्यात बँकेकडे व्याज आपण वेळेवर भरायचं आणि महामंडळ ते परत देतं. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा कार्यालयात कागद द्यायचे आहेत, दाजी पुढच्या साप्ताहिक सुट्टीला जाणार आहेत.

ज्यांना ४ लाखांच्या वर लागतं त्यांच्यासाठी एवढंच. साडेसात लाखांपर्यंत कर्जाला सरकारी पत हमी असते (कर्ज बुडालं तर बँकेचं बरंचसं नुकसान सरकारी निधी भरून देतो), त्यामुळे घराचे कागद गहाण ठेवायला कुणी सांगत असेल तर ते कुठल्या नियमानं, हे लेखी मागा. त्याच्या वर तारणाचा प्रश्न येतो. खासगी वित्त कंपन्या लवकर मंजुरी देतात, एजंट घरी येतो, पण शिकत असतानाच व्याज भरावं लागतं का, दर कितीनं बदलू शकतो, आणि पहिल्या हप्त्याच्या दिवशी शिल्लक किती असेल, हे तीन आकडे त्यांच्या तोंडून नको, कागदावर हवेत. केंद्राच्या व्याज अनुदानाला ते कर्ज पात्र आहे का, हेही विचारा.

प्राप्तिकराचं कलम ८०-ई मी वापरलं. फेडायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षं व्याजाची पूर्ण वजावट मिळते, फक्त व्याजाची, आणि फक्त जुन्या करपद्धतीत. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती, ती मी घेतली नाही. व्याज थांबणार नाही हे तोवर मला कळलेलं होतं.

ऑगस्टमध्ये मी, ताई आणि सई बार्शीतल्याच शाखेत गेलो. अण्णाही आले, हातात तीच पिशवी. साहेब तरुण होते, नीट बोलले. मी एकच विनंती केली: ४ लाख मंजूर करा, पण दरवर्षी लागेल तेवढंच सोडा, आणि शिकत असताना व्याज भरलं तर दरात किती सूट ते मंजुरीच्या पत्रात लिहा. बऱ्याच बँका त्यासाठी १ टक्का सूट देतात, मुलींना वेगळी अर्धा टक्का देणाऱ्याही आहेत. साहेबांनी दोन्ही लिहिलं. दर १० टक्के धरला तरी पहिल्या लाखाचं व्याज महिन्याला ८३३ रुपये होतं. ताईनं तो आकडा ऐकला आणि म्हणाली, “एवढंच? एवढं तर मी शिलाईतून भरते.” पुढच्या वर्षी ते १,६६७ होईल, शेवटच्या वर्षी ३,३३३. तेव्हाचं तेव्हा बघू, कमी पडलं तर मी आहे.

निघताना अण्णांनी साहेबांना थांबवलं. पिशवीतून सईच्या घरचा या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला काढून टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, “आजोबा, यांना अनुदान बसत नाही, याची गरज नाही.” अण्णा म्हणाले, “असू द्या. फाईलला लावा आणि मिळाला म्हणून शिक्का मारून द्या.” साहेबांनी झेरॉक्सवर शिक्का मारून तारीख टाकली. अण्णांनी ती घडी न घालता तशीच, सरळ, पिशवीत ठेवली.