दुसरा अर्चिन जगला

माझ्या खाऱ्या पाण्याच्या चार फुटी फिश टँकमध्ये केसाळ शेवाळ एवढं माजलेलं की दगड दिसेनात, टूथब्रशने घासून घासून वैतागलो आणि शेवटी शेवाळ खाणारा लांब काट्यांचा अर्चिन (समुद्रातला काटेरी गोळ्यासारखा प्राणी) आणला, डायडेमा सेटोसम जातीचा. काळाकुट्ट, अंगावर पाच पांढरे ठिपके, वर मधोमध नारिंगी कडं. आई बघून म्हणाली, अरे हे साळिंदर कुठून आणलंस घरात!

पहिला तीन दिवसांत गेला. चूक माझीच, माशासारखी पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली आणि सोडला. दुसऱ्या दिवशी काटे लुळे, तिसऱ्या दिवशी वाळूत काट्यांचा सडा. मग वाचलं की ह्यांना अंगातलं मीठ सांभाळता येत नाही, बाहेर जसं पाणी तसंच आत, आणि पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) होता १.०२० नि माझ्या टँकचा १.०२५. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ड्रॉवरमध्ये पडलेला, मोजायचे कष्ट कोण घेतंय.

दुसऱ्याला बादलीत पिशवीतल्या पाण्यासकटच ठेवलं, एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब, तब्बल तीन तास, मधेमधे रीडिंग घेत बसलो, बायको म्हणे सलाईन लावलंय का. जाळीने उचलायचा नाही हां, काटे अडकून तुटतात, डब्यात घेऊन पाण्याखालीच सोडायचा.

हा जगला! दिवसा कपारीत, लाईट गेले की बाहेर. हाताची सावली पडली की काटे बरोब्बर तिकडेच वळतात, हे कळूनही एकदा काच पुसताना अंगठ्यात दोन घुसले आणि आतच मोडले. आग आग नुसती. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अंगठा बुडवून बसलो तेव्हा जरा उतरली, मग डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. काळे डाग बरेच दिवस होते.

शेवाळाचा मात्र फडशा पाडला. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ ला ह्याचे भाऊबंद रोगाने पटापट मेले नि तिथले प्रवाळाचे रीफ शेवाळाने झाकले गेले ते का, हे माझ्या दगडांकडे बघून पटलं. पण शेवाळ संपल्यावर गडी दगडांवरची जांभळी कोरलाइन (दगडासारखं कडक शेवाळ) खरवडायला लागला, इतक्या वर्षांनी जमलेली, जिथून गेला तिथे पांढरे पट्टे. म्हणून आता एक दिवसाआड सुशीवाली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद), बिनमिठाची, दगडाला रबरबँडने बांधून. सुटे झोअ‍ॅ (प्रवाळासारखे छोटे प्राणी) सुद्धा पाडतो, ते ग्लूने चिकटवलेत.